अनवट रागांची ध्वनिमुद्रणे आणि शब्दांचा पुरावा

पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने कॅसेटच्या काळात प्रसिद्ध केलेल्या शास्त्रीय संगीताच्या ध्वनिफितींचा विचार आजवर बहुधा रसिकाच्या भूमिकेतून झालेला आहे. रसिकाचे त्या संस्थेवर ऋण आहे, याविषयी वाद संभवत नाही. नांदेड किंवा लातूर यांसारख्या ठिकाणी, जेथे मोठ्या गवयाची बैठक हा वर्षाकाठी एखादा योग असे, तेथे जयपूर किंवा ग्वाल्हेर घराण्यातील जुन्या पिढीचे गाणे बहुतेकांनी ऐकले ते आकाशवाणीवरून, आणि आकाशवाणीने एकदा ऐकविलेले पुन्हा ऐकावयाचे तर ते ध्वनिफितीवरून. परंतु ध्वनिमुद्रण हे जसे आनंदाचे साधन आहे तसाच तो पुरावाही आहे. विशेषतः क्वचित गाइल्या जाणाऱ्या रागांच्या आणि गानप्रकारांच्या बाबतीत ध्वनिमुद्रण हाच कित्येकदा एकमेव पुरावा ठरतो. त्या दृष्टीने या प्रकाशनांची परीक्षा करू गेल्यास त्यांचे मोल वाढते, आणि त्यांतील उणीवही दिसू लागते.

सुरेश अलूरकर यांनी केलेल्या निवडीचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी त्यापूर्वीची स्थिती पाहावयास हवी. १९०२ साली फ्रेड गाइसबर्ग याने कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मुद्रित केले तेव्हापासून सुमारे अर्धशतक हिंदुस्थानी संगीत ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर नांदले. तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे मिळत. केसरबाई केरकर यांच्या ललितागौरी, नटकामोद, ककुभ बिलावल यांच्या तबकड्या आजही ऐकल्या जातात. त्या तीन मिनिटांत रागाचे जे दर्शन घडते ते थक्क करणारे आहे. पण ते दर्शन म्हणजे सिद्धान्ताचे केवळ विधान आहे. त्याची उपपत्ती ऐकावयास मिळत नाही. ज्यांच्यापासून हे राग केसरबाईंकडे आले त्या अल्लादियाखाँसाहेबांची (१८५५–१९४६) तर एकही तबकडी निघाली नाही. अनवट रागांच्या सर्वांत मोठ्या भांडाराचा धनी ध्वनिमुद्रणाच्या युगात चाळीसहून अधिक वर्षे हयात होता आणि तरीही त्याचा आवाज उरला नाही, ही गोष्ट केवळ दैवावर ढकलण्यासारखी नाही. पुढे लाँगप्ले तबकडी आली आणि वेळ वाढला; परंतु तबकडी काढण्याचा खर्चही मोठा होता, आणि खर्च मोठा असला म्हणजे यमन, दरबारी, मालकंस हेच सुरक्षित वाटू लागतात. मोठ्या कंपनीला याबद्दल दोष देण्यात अर्थ नाही. तिचा हिशेब निराळा होता.

ध्वनिफितीने हा हिशेब बदलला. तिची नक्कल थोड्या संख्येने काढता येई, एका बाजूस अर्धा तास मिळे, आणि पुण्यातील एका दुकानदारास स्वतःच्या आवडीनुसार प्रकाशक होणे शक्य झाले. अलूरकरांच्या यादीत पु. ल. देशपांडे यांचे कथाकथन होते, त्याचप्रमाणे वसंतराव देशपांडे, मल्लिकार्जुन मन्सूर, बसवराज राजगुरू, निवृत्तीबुवा सरनाईक, गजाननबुवा जोशी, शरच्चंद्र आरोलकर अशी नावे होती. या नावांपैकी काही लोकप्रिय होती. आरोलकर (१९१२–१९९४) मात्र त्या अर्थाने कधीच लोकप्रिय नव्हते. त्यांचे गाणे ऐकणारा वर्ग मुंबई-पुण्यातही लहान होता. कृष्णराव शंकर पंडित आणि एकनाथ पंडित यांच्याकडून आलेली ग्वाल्हेरची विद्या, तिच्यातील टप्पा, तराणा आणि जुन्या घाटाचे ख्याल, हे सारे त्यांच्याबरोबर अगदी थोड्या शिष्यांपुरते उरले असते. ते नांदेडच्या एखाद्या संगीतशिक्षकाच्या कपाटापर्यंत पोहोचले याचे श्रेय अशा प्रकाशकालाच द्यावयास हवे. किंबहुना आरोलकरांसारख्या गायकाची निवड करण्यात जे धाडस आहे, ते मन्सूरांच्या फितींपेक्षाही अधिक आहे असे म्हणावयास हरकत नाही.

येथपर्यंत गौरव झाला. आता पुराव्याचा प्रश्न.

'अनवट' या शब्दाची 'वाटेवर नसलेले' अशी फोड गायकवर्गात सांगितली जाते. 'अनवट' नावाचा पायाच्या अंगठ्यात घालावयाचा दागिनाही आहे, आणि व्युत्पत्ती करणाऱ्याने त्याला ठेच लागू न देण्याची काळजी घ्यावी हे उत्तम. परंतु शब्दाचा आजचा अर्थ स्पष्ट आहे : जो राग फार थोड्यांना येतो आणि फार थोड्या बंदिशींतून जगतो, तो अनवट. यमनाचे व्याकरण शेकडो बंदिशींच्या आणि हजारो गायनांच्या आधारे सांगता येते. एका गवयाने एखादी विलक्षण संगती घेतली तरी ती विलक्षण आहे हे कळण्याइतका बाकीचा साठा श्रोत्याच्या कानात असतो. अनवट रागाचे तसे नाही. पुष्कळदा त्याची एक बंदिश, एक घराणे आणि एक गायक एवढाच आधार असतो. भाषेच्या अभ्यासात ज्याला एकप्रयुक्त शब्द म्हणतात, म्हणजे उपलब्ध साऱ्या वाङ्मयात जो एकदाच आढळतो, त्याचा अर्थ लावताना अभ्यासकाची जी स्थिती होते तीच येथे होते. वैदिक वाङ्मयातील अशा शब्दांवर पिढ्यानुपिढ्या वाद चालले आहेत, कारण संदर्भ एकच असल्यामुळे शब्दाचा स्थायी अर्थ कोणता आणि त्या एका स्थळी आलेली छटा कोणती हे वेगळे करता येत नाही. त्याचप्रमाणे अनवट रागाच्या एकाच मुद्रणावरून रागाचा नियम कोणता आणि गवयाची त्या दिवशीची लहर कोणती हे सांगता येत नाही. मुद्रण एकदा प्रसिद्ध झाले म्हणजे विद्यार्थी त्यावरून राग बसवितो. मग लहरीचाही नियम होतो.

रागांची नावे या बाबतीत बोलकी आहेत. 'एकनिषाद बिहागडा' हे नाव जयपूर घराण्यात चालते. ज्याला केवळ 'बिहागडा' म्हणून भागत होते त्याच्यामागे 'एकनिषाद' हे विशेषण लावावे लागले, याचाच अर्थ दोन निषादांचा बिहागडा शेजारी उभा होता आणि तो अधिक रूढ होता. 'संपूर्ण मालकंस' हे नावही असेच. पाच स्वरांचा मालकंस गृहीत धरल्यावाचून त्याला अर्थ नाही. नावातील विशेषण हे अशा रीतीने जुन्या स्पर्धेचे अवशेष असते. 'बसंती केदार' यासारख्या जोडरागात तर समासाचाच प्रश्न उद्भवतो. हा द्वंद्व समजावयाचा की तत्पुरुष? दोन राग समान अधिकाराने नांदतात, की केदार हा प्रधान आणि बसंताची त्यावर केवळ छाया? नावावरून उत्तर मिळत नाही, गाण्यावरूनच मिळते, आणि दोन गवय्यांची उत्तरे निराळी असू शकतात. 'खट' या रागाविषयी, त्यात सहा राग मिसळले आहेत म्हणून तो 'षट्', असे सांगतात. उत्तरेकडे 'ष'चा उच्चार 'ख' करण्याची जुनी प्रथा पाहता ध्वनिदृष्ट्या यात अशक्य काही नाही. पण ते सहा राग कोणते हे विचारले तर प्रत्येक घराणे निराळी यादी देते. व्युत्पत्ती बरोबर असूनही ती रागाचा नियम सांगत नाही, याचे हे चांगले उदाहरण होय.

यावरून असे दिसते की अनवट रागाचे एक मुद्रण प्रसिद्ध करणे ही कामाची सुरुवात आहे. त्याच्याशेजारी दुसरे मुद्रण हवे, ते शक्य नसल्यास निदान पहिल्याची संपूर्ण नोंद हवी. त्या काळच्या ध्वनिफितींच्या वेष्टनावर सामान्यतः गायकाचे नाव, रागाचे नाव, ताल आणि साथीदार एवढे दिलेले असे. मुद्रण बैठकीतले की खोलीतले, कोणत्या साली झाले, गायकाचे वय तेव्हा काय होते, बंदिश कोणाकडून मिळाली, हे क्वचितच कळे. बंदिशीचे शब्द तर बहुधा छापलेच जात नसत. हा एखाद्या प्रकाशकाचा दोष नव्हे, सर्व व्यवसायाचीच ती रीत होती. परंतु लोकप्रिय रागाच्या बाबतीत जी रीत निरुपद्रवी असते ती अनवट रागाच्या बाबतीत नुकसान करते, आणि ते नुकसान मुख्यतः शब्दांचे होते.

शब्दांचे नुकसान कसे होते हे थोड्या विस्ताराने पाहणे इष्ट आहे. जयपूर घराण्याची गायकी आकारप्रधान आहे. मुखडा स्पष्ट येतो, कारण समेवर येण्यासाठी तो वारंवार लागतो. अंतरा बहुधा एकदोनदाच येतो आणि त्यातील व्यंजने आकाराच्या प्रवाहात विरघळतात. त्यात गाणाऱ्याची मातृभाषा भर घालते. बंदिशींची भाषा सामान्यतः ब्रज, आणि गाणारे मराठी किंवा कानडी. मराठी भाषकाच्या तोंडी 'च' आणि 'ज' यांचे दोन उच्चार असतात, ब्रजात एकच. म्हणून एखाद्या ब्रज शब्दात मराठी दंततालव्य उच्चार सहज शिरतो. 'ऐ' आणि 'औ' हे मराठीत जोडस्वर आहेत, पश्चिमी हिंदीत ते बव्हंशी सरळ विवृत स्वर आहेत. गाण्यात स्वर लांबला म्हणजे मराठी गवई त्याचे 'अ-इ', 'अ-उ' असे दोन तुकडे करतो आणि एका मात्रेच्या जागी दोन श्रुतिगोचर अक्षरे उभी राहतात. शेवटच्या अकाराची गोष्ट उलट आहे. बोलताना आपण तो सोडून देतो, परंतु ब्रज पद्यात तो उच्चारला जातो आणि त्याला स्वतःची मात्रा असते. ज्याला हे ठाऊक नाही तो ती रिकामी मात्रा भरण्यासाठी शब्दच बदलतो. मन्सूरांसारख्या (१९१०–१९९२) कानडी भाषक गवयाच्या गायनात महाप्राण व्यंजने सौम्य झाली असतील, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही. यात गवयाला उणेपणा नाही. ज्या घराण्यात मंजीखाँ आणि भुर्जीखाँ यांच्यासारख्यांकडून विद्या समोरासमोर मिळाली, तेथे शब्द कानावाटे आले आणि कानाने जपले, एवढाच याचा अर्थ. प्रश्न ऐकणाऱ्याचा आहे. लातुरातील विद्यार्थी फीत लावून वहीत शब्द उतरून घेतो, त्याला न कळलेल्या जागी कळणारा शब्द घालतो, आणि पुढील विद्यार्थी ती वही उतरून घेतो. पोथ्यांच्या पाठभेदांचा अभ्यास ज्याने केला आहे त्याला ही प्रक्रिया परिचित वाटेल. फरक एवढाच की येथे मूळ प्रत नष्ट झालेली नसते. ती फितीवर वाजतच असते, आणि तरीही पाठ भ्रष्ट होत जातो.

याच्या उलट टोकास १९९९ साली निंबस या ब्रिटनमधील स्वतंत्र प्रकाशनसंस्थेने काढलेले 'द राग गाइड' ठेवता येईल. युप बोर, सुवर्णलता राव, विम वान डेर मीर आणि जेन हार्वी यांनी तयार केलेल्या या ग्रंथासोबत चार तबकड्या आहेत आणि ७४ राग आहेत. गायनाचा भाग श्रुती सडोलीकर-काटकर आणि विद्याधर व्यास यांचा आहे. प्रत्येक रागाचे स्वरलेखन, बंदिशीचे शब्द आणि भाषांतर छापलेले आहे. नोंद कशी असावी याचा तो आदर्श होय. परंतु प्रत्येक राग काही मिनिटांत आटोपतो, म्हणजे ७८ फेऱ्यांच्या तबकडीचीच मर्यादा येथे स्वेच्छेने पत्करलेली आहे, आणि एका रागास एकच उदाहरण असल्याने 'हाच तो राग' असा समज होण्याचा धोका आहे. पुण्याच्या फितींत राग नांदताना दिसतो, पण शब्द हरवतात. निंबसच्या ग्रंथात शब्द आहेत, पण राग ओळख करून देऊन निघून जातो. दोहोंचा मेळ घालणारे प्रकाशन मराठीत अद्याप व्हावयाचे आहे. तंत्राची अडचण आता उरलेली नाही. २००३ साली शुभा मुद्गल आणि अनीश प्रधान यांनी अंडरस्कोर रेकॉर्ड्स ही संस्था काढली, आणि कलावंतानेच स्वतःच्या मुद्रणाचे हक्क राखून ते इंटरनेटवरून श्रोत्यापर्यंत पोहोचविण्याची वाट घालून दिली. अशा व्यवस्थेत वेळेची मर्यादा नाही आणि सोबत हवे तितके लिखित जोडता येते. मात्र एकूण इंटरनेटवरील संगीताच्या नोंदी रोमन लिपीत असल्याने एक नवीनच घोटाळा उत्पन्न झाला आहे. 'खट', 'खाट' आणि उर्दूतील 'ख़त' ही तिन्ही रोमन लिपीत एकाच वेषात हिंडतात, आणि 'बिहागडा' हा कोठे 'ड' तर कोठे 'र' घेऊन येत असल्याने एकाच गवयाचा एकच राग दोन ठिकाणी शोधावा लागतो.

आतापर्यंत जे पाहिले त्यात ध्वनी टिकला आणि शब्द झिजले. मराठवाड्यात याच्या उलट उदाहरणही आहे. लातूरपासून फार दूर नसलेल्या अंबाजोगाई येथील दासोपंत (१५५१–१६१५) यांच्या पदांवर रागांची नावे नोंदलेली आहेत. शब्द आहेत, रागनाम आहे, ध्वनी मात्र नाही. त्या नावाचा आजचा राग घेऊन ते पद गाइले तर सोळाव्या शतकातील गाणे मिळेल असे मानणे भाबडेपणाचे होईल. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे आणखी तिसरी स्थिती आढळते. गुरू ग्रंथसाहिबाची रचना ३१ मुख्य रागांनुसार लावलेली आहे, आणि त्यांत माझ, वडहंस, सूही, तुखारी असे राग आहेत की जे ख्यालाच्या मैफलीत सहसा ऐकू येत नाहीत. ज्यांचे जन्मग्राम म्हणून परंपरा शेजारच्या नरसी बामणीचे नाव घेते त्या नामदेवांची ६१ पदे त्यांत १८ रागांखाली आली आहेत. शब्द अक्षरशः स्थिर आहेत, गायन अखंड चालू आहे. रागांची रूपे मात्र रागीगणिक भिन्न ऐकू येतात. १९९१ साली लुधियान्याच्या जवद्दी टकसालीने या ३१ रागांच्या गायनाचे संमेलन भरविले, आणि रागरूपांचा निर्णय करण्यासाठी जाणकारांची समिती नेमली गेली. प्रमाणभाषा जशी ठरविली जाते तसे हे रागांचे प्रमाणीकरण होय. त्याचा उपयोग उघड आहे. ज्या रूपांना समितीत स्थान मिळाले नाही त्यांची मुद्रणे कोणी करून ठेवली तर त्यांचाही उपयोग तितकाच होईल.

नांदेडचा संबंध ग्वाल्हेरच्या टप्प्याशी जोडला तर प्रथमदर्शनी तो ओढून आणल्यासारखा वाटेल. तसा तो नाही. टप्प्याची भाषा पंजाबी आहे. अठराव्या शतकात लखनौच्या शोरी मियाँने त्याला जे रूप दिले ते ग्वाल्हेरमार्गे महाराष्ट्रात आले, आणि येथे पिढ्यानुपिढ्या मराठी गवयांनी पंजाबीचा गंध नसताना ते सांभाळले. आरोलकरांच्या पिढीपर्यंत हे शब्द ज्या वाटेने आले ती वाट ध्यानात घेता त्यांतील काही बदलले असतील यात संशय नाही. कोणत्या जागी बदलले असतील याचा काही अंदाज व्याकरणावरूनही करता येतो. पंजाबीत 'दी' हा षष्ठीचा प्रत्यय आहे. हिंदी जाणणाऱ्याच्या कानाला ते 'देणे'चे भूतकाळी रूप वाटते, आणि मग पुढचे नाम कर्म होऊन बसते. पंजाबी 'वे' हे पुरुषाला घातलेले संबोधन. हिंदीत ते 'ते' या अर्थाचे सर्वनाम होते आणि विरहिणीची हाक तिऱ्हाईतांविषयीचे विधान बनते. 'नाल' म्हणजे 'बरोबर', त्याचा घोड्याच्या टापेशी काही संबंध नाही. घ, ध, भ ही व्यंजने पंजाबीत आपले घोष आणि महाप्राणत्व टाकून स्वराच्या चढउतारात रूपांतरित झालेली आहेत. देवनागरी वहीवरून गाणारा मराठी गवई ती पूर्ण वजनाने उच्चारतो. आणि जेथे हिंदीत 'हाथ' तेथे पंजाबीत 'हत्थ', असे द्वित्त त्या भाषेत पदोपदी येते. टप्प्याच्या तानेला जे क्षणिक अडखळणे शोभा देते, त्याचा उगम या द्वित्तात असण्याचा संभव तपासून पाहण्यासारखा आहे. तसे ठरल्यास शब्द सुधारणे हे केवळ अर्थासाठी नव्हे, लयीसाठीही आवश्यक ठरेल.

नांदेडमध्ये पंजाबी ही आजही पाठाची आणि गायनाची भाषा आहे. येथील दखनी शीख कुटुंबांत ती मराठीच्या आणि दखनीच्या शेजारी नांदते. दुसरीकडे याच शहरात अण्णासाहेब गुंजकरांसारखे गुरू झाले आणि त्यांच्याकडे नाथराव नेरळकरांसारखा गायक घडला. ख्यालाची विद्या येथे परकी नाही. ग्वाल्हेरच्या टप्प्यांची उपलब्ध मुद्रणे, ती ऐकून शब्द ओळखू शकणारा पंजाबी जाणकार, आणि लयीच्या जागा दाखविणारा ख्यालिया, हे तिघे एका खोलीत बसविणे मुंबई-पुण्यापेक्षा नांदेडात सोपे आहे. एकेका टप्प्याच्या दोन-तीन गवयांच्या मुद्रणांवरून पाठ तयार करावा, प्रत्येक भेदाखाली गवयाचे नाव द्यावे, संशयित जागा रिकामी सोडावी, आणि तो पाठ मुद्रणासह प्रसिद्ध करावा, इतके हे काम आहे. जुन्या ध्वनिफिती ओलीने आणि बुरशीने निकामी होत चालल्या आहेत. मराठवाड्यातील उन्हाळा त्यांना बाधक आहे, आणि त्या वाजविणारी यंत्रे दुरुस्त करणारा कारागीर तर आता जिल्ह्याच्या ठिकाणीही मिळणे कठीण झाले आहे.